कामाचं निळं

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक कोट आहे. सुती, निळा. निळा म्हणजे एकेकाळी निळा होता, आता खांद्यावर तो पावसाळी आभाळासारखा फिका झालाय. उजव्या कोपराला ठिगळ आहे. खिशाची शिवण उसवली होती, ती कुणीतरी वेगळ्याच दोऱ्याने पुन्हा घातली आहे. शेवटचं बटण बाकीच्या बटणांशी जुळत नाही. तर असा हा कोट दुकानात टांगलाय आणि लोक तो नव्या कोटापेक्षा जास्त पैसे मोजून विकत घेतायत. का बरं?

तुम्ही म्हणाल, एखाद्या राजाचा असेल. किंवा नटाचा, क्रिकेटपटूचा. छे! तो होता फ्रान्समधल्या एखाद्या गवंड्याचा, नाहीतर रेल्वेच्या कारखान्यातल्या फिटरचा. त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

अशा जुन्या आणि मोलाच्या वस्तूंना इंग्रजीत व्हिंटेज म्हणतात. व्हिंटेज मोटारी तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंच भाषेतला, द्राक्षांच्या तोडणीचा. अमुक सालची द्राक्षं, अमुक सालची वाइन, असं करत करत तो इंग्रजीत जुन्या गोष्टींना चिकटला आणि मग फिरून फ्रान्समध्ये घरी परत आला. आता फ्रेंच माणसंही जुन्या कोटाला हाच शब्द लावतात. शब्दही माहेरपणाला येतात, बरं का.

या कोटाचं फ्रेंच नाव आहे ‘ब्ल्यो द त्राव्हाय’. ब्ल्यो म्हणजे निळं आणि त्राव्हाय म्हणजे काम. म्हणजे झालं ‘कामाचं निळं’. कपड्याला कोट नाही, सदरा नाही, नुसतं ‘निळं’ म्हणायचं! ‘माझं निळं धुतलंस का गं?’ एवढं म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांच्या निळ्याला तर वेगळं नावच होतं, ‘ब्ल्यो द शोफ’. शोफ म्हणजे तापवणं. भट्टीजवळचं निळं.

त्याआधी फ्रान्समधले शेतकरी आणि मजूर गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा, झब्ब्यासारखा सैल सदरा घालत. शेतात तो छान. पण एकोणिसाव्या शतकात कारखाने वाढले आणि माणूस यंत्राशेजारी उभा राहिला. फिरणाऱ्या पट्ट्यात सैल सदऱ्याचा घोळ अडकला तर? कपड्याबरोबर हातही आत जायचा. तेव्हा आखूड, बेताच्या मापाचा, समोर बटणांचा कोट सोयीचा पडू लागला. कापड ठरलं ते ‘मोलस्किन’. मोल हा जमिनीत बिळं करणारा, मखमली कातडीचा छोटासा प्राणी. घाबरू नका, या कापडात त्याचा एक केसही नसतो! ते शुद्ध सुती असतं. सूत इतकं दाट विणलेलं की वारा आत शिरायला मागत नाही. लोखंड घासताना उडणारा बारीक कीस त्यातून सहज टोचत नाही. पहिल्यांदा घातलं तर अंगावर पुठ्ठा घातल्यासारखं वाटतं, पण धुऊन धुऊन ते असं मऊ पडतं की विचारू नका.

आणि खिसे! बहुतेक कोटांना बाहेरून तीन, खाली दोन मोठे आणि छातीवर एक लहान. खालच्या खिशात पाना, खिळे, दुपारचा पाव, काहीही. छातीच्या खिशात पेन्सिल. पुष्कळदा आतल्या बाजूला चौथा खिसा, पैशांसाठी. सुतारांच्या विजारी तर गमतीदारच असत. मांडीशी ढगळ आणि घोट्याशी आवळलेल्या. ढगळ का, तर गुडघ्यावर बसता यावं, शिडी चढता यावी. आवळलेल्या का, तर पाचर, खिळा कशात अडकू नये. शिवाय घडीच्या मोजपट्टीसाठी मांडीवर वेगळा लांब खिसा. आता सांगा, या कपड्यात दिखाव्यासाठी म्हणून केलेली एक तरी गोष्ट आहे का? मला तरी सापडलेली नाही. आणि गंमत अशी की म्हणूनच तो देखणा दिसतो.

रंगावरून कामही ओळखू यायचं. निळा म्हणजे यंत्रावरचा, कारखान्यातला. पांढरा म्हणजे रंगारी, गिलावा करणारा, नाहीतर पाववाला. (पांढऱ्यावर पीठ आणि चुना दिसत नाही, हे लक्षात आलं ना?) सुतारांचा काळा. दुकानदार आणि शाळेतले गुरुजी यांचा लांब राखाडी डगला. हो, गुरुजीसुद्धा! फ्रान्समधल्या जुन्या प्राथमिक शाळांमध्ये गुरुजी आपल्या कपड्यांवर राखाडी डगला चढवत आणि मुलंही अंगावर तसाच डगला घालत. कारण तिथली मुलं दौतीतल्या जांभळ्या शाईने लिहीत. बॉलपेनला तिथल्या शाळांत परवानगी मिळाली थेट १९६५ साली. दौत, टाक आणि चाळीस मुलं! डगला नको तर काय? खडूची पांढरी भुकटी रोज साडीवरून झटकणारी मी, मला तर त्या गुरुजींचा हेवाच वाटतो.

हे कपडे घरी शिवले जात नसत, तर कारखान्यात शिवून दुकानात तयार मिळत. ल्यों शहरातली लाफों कंपनी १८४४ पासूनची. व्हेत्रा ही १९२७ ची, तिचं नावच ‘कामाचे कपडे’ या फ्रेंच शब्दांचे तुकडे जोडून झालं आहे. १९५६ साली सुरू झालेल्या एका कंपनीचं नाव ‘ले लाबुरर’, म्हणजे नांगरणारा शेतकरी.

तयार कपडे म्हटले की शिवणयंत्र आलं आणि शिवणयंत्र म्हटलं की बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा गरीब फ्रेंच शिंपी. याने लाकडाचं शिवणयंत्र बनवलं आणि १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये अशी ऐंशीच्या आसपास यंत्रं लावून तिथे फ्रेंच सैन्याचे गणवेश शिवायचं काम सुरू झालं. हे पाहून पॅरिसचे बाकीचे शिंपी घाबरले. यंत्र आलं तर आपण खायचं काय? १८३१ च्या जानेवारीत त्यांचा जमाव आत घुसला आणि त्यांनी यंत्रं मोडून टाकली. तिमोनिए पुढे गरिबीतच १८५७ मध्ये वारला. यात चूक कुणाची? यंत्र बनवणाऱ्याची, की पोटासाठी घाबरलेल्या शिंप्यांची? माझ्या वर्गात यावर पूर्ण तास भांडण झालं आणि घंटा वाजली तरी निकाल लागला नाही. तुम्ही घरी आईबाबांशी भांडून पाहा.

आता निळ्या रंगाकडे वळू. इथे आपला भारत मधे येतो.

युरोपात निळा रंग पूर्वी ‘पास्तेल’ नावाच्या झाडाच्या पानांपासून काढत. पानं वाटायची, त्याचे गोळे वळून वाळवायचे. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहराचे व्यापारी या गोळ्यांवर एवढे गब्बर झाले की त्यांचे वाडे अजून उभे आहेत. मग समुद्रमार्गाने आपल्याकडची नीळ तिकडे पोहोचली. रंग तोच, पण आपल्या झाडात तो कितीतरी जास्त. तुलूजवाले घाबरले, अगदी तिमोनिएच्या शिंप्यांसारखेच. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने १६०९ साली परदेशी नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला! रंगासाठी फाशी! अठराव्या शतकात ती बंदी उठली आणि निळीने पास्तेलला मागे टाकलं.

‘इंडिगो’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘भारतातलं’ असा. आणि संस्कृतमधला ‘नील’ अरबांकडे जाऊन ‘अन्‌-नील’ झाला, पोर्तुगीजांकडे ‘अनिल’ झाला आणि रसायनशास्त्रज्ञांनी निळीपासून एक पदार्थ काढला तेव्हा त्याला ‘ॲनिलीन’ हे नाव मिळालं. दहावीनंतर विज्ञान घेतलंत तर भेटेल तुम्हाला तो.

पण या रंगाची एक काळी बाजूही आहे. बिहारमधल्या चंपारणच्या शेतकऱ्यांना वीस कठ्ठे जमिनीतले तीन कठ्ठे निळीसाठी सोडावेच लागत. खायला धान्य पिकवायचं त्या जमिनीत, तर मळेवाल्या साहेबांसाठी नीळ पिकवायची. इकडे जर्मनीत आडोल्फ फॉन बायर या शास्त्रज्ञाने १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार करून दाखवली. (डोकेदुखीच्या गोळ्यांच्या कंपनीतला बायर तो वेगळा.) १८९७ मध्ये कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली, १९०५ मध्ये बायरना नोबेल मिळालं आणि भारतातली निळीची शेती कोसळत गेली. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग यायचा थांबला, तसा भाव पुन्हा चढला आणि शेतकऱ्यांवरचा जुलूमही. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच तीन कठ्ठ्यांसाठी. त्यामुळे कुणी निळ्या रंगाला ‘साधा’ म्हटलं की मला जरा थांबावंसं वाटतं.

जुन्या फ्रेंच कोटांचा निळा सगळाच निळीचा असतो असं मात्र नाही. पुढे दुसरे कृत्रिम निळे रंगही आले. पण स्वस्त, पक्का, मळ झाकणारा निळा हा कामगाराचा रंग, हे तोवर ठरून गेलं होतं. इंग्रजीत हाताने काम करणाऱ्यांना अजूनही ‘ब्लू कॉलर’ म्हणतात. १९३६ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या कामगारांनी कारखान्यात बसून मोठा संप केला. त्या वर्षी त्यांना आठवड्याला चाळीस तासांचं काम आणि वर्षाला दोन आठवडे पगारी सुट्टी, असे कायदे मिळाले. कित्येकांनी त्या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आता कोट धुतला कसा जायचा ते सांगते, कारण माझ्या वर्गातल्या एका मुलाने नेमकं हेच विचारलं होतं. आमची चौथी. ‘माझे बाबा’ असं चित्र काढायचं होतं. या मुलाचे बाबा गॅरेजमध्ये काम करतात, हे मला ठाऊक होतं. त्याने बाबांना पांढरा शर्ट आणि टाय घातला. मी म्हटलं, ‘अरे वा, बाबा लग्नाला निघालेत का?’ तो चित्राकडेच बघत म्हणाला, ‘नाही बाई. गॅरेजचे कपडे चित्रात काढतात का? ते काळे असतात.’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला या निळ्या कोटाची गोष्ट सांगितली, परदेशात लोक तो किती आवडीने घालतात तेही सांगितलं. सगळी मुलं ठिगळाला हसली. हा हसला नाही. हात वर करून म्हणाला, ‘बाई, पण त्याचा ग्रीसचा वास कसा जातो? आमच्याकडे दोनदा धुतलं तरी जात नाही.’

बघा, अख्ख्या वर्गात खरा प्रश्न त्यालाच सुचला!

तर उत्तर असं. फ्रान्समध्ये पूर्वी लाकडाच्या राखेच्या पाण्याने कपडे धुत. राखेचं पाणी तेलकटपणा कापतं. आपल्याकडे खरकटी भांडी राखेने घासत ती उगीच नव्हे. पुढे घरोघरी पत्र्याचं एक मोठं भांडं आलं, ‘लेसिव्हज’ नावाचं. आपल्या बंबाची फ्रेंच मावसबहीण म्हणा. ते चुलीवर ठेवायचं, खाली साबणसोड्याचं पाणी, वर कपडे, मधोमध एक उभी नळी आणि नळीच्या टोकावर छत्रीसारखी टोपी. पाणी उकळलं की वाफेच्या दाबाने नळीतून वर चढायचं, टोपीला धडकून कपड्यांवर शिंपडायचं, कपड्यांतून झिरपून पुन्हा खाली. वीज नाही, मोटर नाही, तरी पाणी आपोआप फिरत राहायचं. ग्रीस जायचं, पण दर वेळी थोडा रंगही जायचा. म्हणून तर तो कोट असा फिका होतो. आणि सगळीकडे सारखा नाही. शिवणींच्या कडा आधी पांढरट होतात, कारण तिथे घासलं जातं. खिशात कायम पट्टी ठेवली असेल तर खिशावर तिची लांबट खूण उमटते. ठिगळ नव्या कापडाचं, म्हणून ते गडद. काही वर्षांनी तेही फिकं पडतं आणि शेजारी दुसरं गडद ठिगळ येतं. एकाच कोटावर निळ्याच्या चारपाच छटा! कुठल्याही चित्रकाराने मुद्दाम बसून असं काम केलं नसतं.

एक गृहस्थ या कोटासाठी प्रसिद्धच होते. बिल कनिंगहॅम, न्यू यॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार. जन्म १९२९ चा. सायकलवरून न्यू यॉर्कभर हिंडून लोकांच्या कपड्यांचे फोटो काढायचं त्यांचं काम, बड्या बड्या मेजवान्यांना हजेरी. आणि स्वतःच्या अंगावर काय, तर पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातून घेतलेला साधा निळा कोट, जसा तिथले रस्ते झाडणारे कामगार घालत. कॅमेरा घासून नेहमीचे कोट फाटायचे, हा फाटायचा नाही आणि फाटलाच तर स्वस्तात नवा. फ्रेंच सरकारने २००८ मध्ये पॅरिसला बोलावून त्यांचा सन्मान केला, तेव्हाही ते हाच कोट घालून गेले. २०१६ मध्ये ते गेले.

आता हे जुने कोट मिळतात कुठे? पॅरिसला लागून सेंत-उआँ इथे जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार आहे. लील शहरात सप्टेंबरच्या सुरुवातीला रस्तोरस्ती अशी जत्रा भरते. आणि गावोगावी ‘व्हीद-ग्रनिए’ भरतात, म्हणजे शब्दशः ‘माळा रिकामा करणे’. माळ्यावरची अडगळ काढायची आणि चौकात मांडायची. आजोबा गेल्यावर त्यांच्या पेटीत घडी करून ठेवलेला कोट असाच एका सकाळी टेबलावर येतो. कधी कधी जुन्या दुकानाच्या तळघरात न वापरलेले, कडक, गडद कोटही गठ्ठ्याने सापडतात. पण पुष्कळ शौकीन वापरलेलाच मागतात.

मला यात एक गोष्ट खुपते, ती पालकांनीही वाचावी. तो कोट घालणारा फिटर संध्याकाळी घरी आला की आधी कोट काढायचा. रविवारी तर तो त्याला हातही लावायचा नाही. रविवारचे कपडे वेगळे, इस्त्रीचे. फ्रेंचमध्ये ‘नटणे’ या अर्थाचा एक शब्दच ‘रविवार’ या शब्दापासून झाला आहे. आता ज्यांना कारखान्यात जायचं नाही, ते हा कोट मुद्दाम रविवारी घालून फिरायला निघतात. त्यात वाईट काही नाही. चांगलं कापड आहे, फेकून देण्यापेक्षा बरं. पण ठिगळ हवं आणि ठिगळ लावणारे हात नकोत, असं होता कामा नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि खोट्या जुनेपणाचं तर विचारूच नका. जीनची पँट नवीकोरी असताना जुनी दिसावी म्हणून कारखान्यात तिच्यावर जोराने वाळूचा फवारा मारत. ती वाळूची बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाऊन बसे. तुर्कस्तानात असं काम करणारी कितीतरी तरुण मुलं फुप्फुसाच्या सिलिकोसिस या आजाराने खंगली, काही दगावली. शेवटी तिथल्या सरकारने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. आपली पँट गुडघ्यावर फिकी दिसावी म्हणून दुसऱ्याने श्वास गमवायचा! त्यापेक्षा स्वतः गुडघे टेकून लगोऱ्या खेळा. महिन्याभरात फिकी होते, हमखास.

जीन म्हटल्यावर थोडी शब्दांची मौज. ‘डेनिम’ हे फ्रान्समधल्या नीम या गावाच्या नावावरून आलं असं मानतात. ‘जीन्स’ हे इटलीतल्या जेनोआवरून. आणि सुतारांची छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची विजार, तिला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, ते कुठून आलं? मुंबईच्या आपल्या डोंगरीवरून! तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी नेलं आणि त्याच्याबरोबर नावही. लहान बाळांना हौसेने डंगरी घालतात ना, तिच्यावर ससे आणि फुलपाखरं असली तरी मूळचं ते खलाशांचं आणि मजुरांचं कापड.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातली जुनी, निरुपयोगी झालेली डेनिमची जीन घ्या. फाटक्या कडेचा एक निळा धागा ओढून काढा आणि नखाने त्याचा पीळ सोडवा. भिंग असेल तर उत्तम. बहुतेक जीन्समध्ये धाग्याच्या बाहेर निळं आणि आतून पांढरं दिसेल. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी तिला एका रासायनिक युक्तीने विरघळवतात, तेव्हा तिचा रंग पिवळसर हिरवा होतो. त्यात बुडवलेलं सूत बाहेर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं होतं, पण रंग बाहेरच्या बाहेरच बसतो, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. घासलं की बाहेरचा निळा झडतो आणि आतला पांढरा डोकावतो. तुम्हाला धागा कसा दिसला ते चित्र काढून पाठवा. आणि हो, कात्री लावायच्या आधी ती जीन खरंच निरुपयोगी झालीय ना, हे दादाला किंवा ताईला विचारून घ्या. नंतर माझं नाव सांगू नका!